झोळ

मुंबईहून आलेल्या माणसाने विचारलं, कनेक्शनं किती?
मी म्हटलं, चारशे बारा.
पैकी पैसे देणारी?
मी खिडकीबाहेर बघितलं.
बंदरावर बर्फाची गाडी रिकामी होत होती.

त्र्याण्णव साली कोल्हापूरहून डिश आणली.
आंबोलीच्या घाटात दोर सैल झाले
आणि बारा फुटांची ती जाळीची परात
टेम्पोवरून दरीकडे कलली.
मी आणि क्लीनर रात्रभर तिला धरून बसलो,
अडलेल्या म्हशीजवळ बसतात तसे.
कर्ज पतपेढीचं. तारण बायकोच्या पाटल्या.

उभादांड्याला खांब नव्हते, माड होते.
जुवाव पाडेली वर चढायचा, मी खालून वायर सोडायचो.
पहिल्या खेपेला मी ती ताणून बांधली,
सतारीच्या तारेसारखी, दिसायला सुरेख.
एका रात्रीच्या वाऱ्यात सात ठिकाणी तुटली.
जुवाव शेंड्यावरून ओरडला,
"अरे, माड हलतलोच. झोळ ठेव!"

धंद्यातलं एवढंच मला माणसाने शिकवलं.
बाकीचं खाऱ्या हवेने:
पितळ हिरवं पडतं,
बूस्टरच्या डब्यात मुंग्या अंडी घालतात,
नारळी पुनवेच्या आधी वसुलीला जाऊ नये,
आणि पन्नास रुपयांऐवजी कुणी वाटाभर सुंगटं दिली
तर वहीत 'मिळाले' लिहावं.

चुकाही केल्या.
जत्रेतला दशावतार एका साली
कॅमेरा लावून घरोघर दाखवला.
दुसऱ्या साली देवळापुढे चाळीस माणसं.
संकासुर करणारे दाजी मेस्त्री
तोंडावरचा रंग खोबरेलाने पुसत म्हणाले,
"घराघरात हसले आसतीत. माका आयकाक इला नाय."
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, कळेना.

मग ते वादळ.
दुसऱ्या संध्याकाळी वीज आली तेव्हा
सोसायटीने न परतलेल्या होड्यांची यादी दिली.
पिक्चरच्या खाली मी पट्टी सोडली. अकरा नावं.
त्या रात्री गावात पिक्चर कुणीच बघितला नाही.
होडी लागली की फोन यायचा, मी नाव पुसायचो.
पहाटे चार उरली. दुपारी दोन.
मग एकटी 'सातेरीप्रसाद'.

तिसरा दिवस. नववा.
घराघरात पुन्हा मालिका सुरू झाल्या,
सासवा, सुना, क्रिकेट,
आणि खाली ते नाव
उजवीकडून यायचं, डावीकडे जायचं,
पुन्हा उजवीकडून यायचं.
काढायचं बटण माझ्या बोटाखाली होतं.
विचारायचं कुणाला?

विसाव्या दिवशी शेवंती गिरप आली.
महिन्याचे पन्नास रुपये टेबलावर ठेवले,
पावती नीट घडी करून कनवटीला लावली.
म्हणाली, "आता काढ ता नाव.
इलो तर दारातसून येतलो,
टीव्हीतसून नाय."

मी काढलं.
त्या महिन्यापासून तिच्या घरी कधी वसुलीला गेलो नाही,
तिने कधी चुकवले नाहीत.

मुंबईच्या माणसाने यातलं काही विचारलं नाही.
त्याच्या कागदावर रकाने होते, मी सह्या केल्या.
आता काचेची तार आली आहे, केसासारखी.
ती ओढणारा पोरगा परवा आमच्या गडग्याजवळ
खांबावर तिचं एक मोठं वेटोळं गुंडाळत होता.
हे जास्तीचं कशाला रे?
"लागतं काका, ठेवावं लागतं."
मी वर बघितलं. जुवावचा माड गेल्या साली वीज पडून गेला.

डिश अजून गच्चीवर आहे, उताणी.
बायको तिच्यात कोकमाची सोलं वाळत घालते.
कावळे येतात.
ती खालूनच काठी आपटते.